सोळा रात्री, आठ शहरं आणि शाकाहारी पोट: दक्षिण अमेरिकेचा बेत असा आखा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: तुम्ही दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. मार्चच्या मध्यापर्यंत तुमचा माल निघतो आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी तीनेक आठवडे हाताशी असतात. तेवढ्या वेळात पत्नीसोबत दक्षिण अमेरिका बघायची आहे. यादीत रिओ, इग्वासूचा धबधबा, बुएनोस आयरेस, मेंदोसा, सांतियागो, वाल्पाराइसो, कुस्को आणि लिमा आहेत, मुक्कामाच्या रात्री सोळा. तुम्हाला तिथल्या बागा आणि वाइन बघायची आहे. वहिनी शाकाहारी आहेत, केक-बिस्किटातलं अंडं चालतं पण नुसतं अंडं नाही, आणि वाइन घेत नाहीत. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दिवसाला किती वायनरी कराव्यात, आणि वहिनी खातील काय?

गेली बारा वर्षं मी छोटे गट घेऊन या भागात जाते आणि मी स्वतः शाकाहारी आहे. म्हणून आधी तुमची खरी अडचण सांगते, ती तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. यादी लांब आहे हे खरं, पण ती आखताना जेवणाची वेळ तुम्ही धरलेलीच नाही. खाण्यापिण्यासाठी केलेला प्रवास तिथल्या घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ आपल्यापेक्षा फार वेगळं आहे.

अर्जेंटिनात सकाळचा नाश्ता म्हणजे कॉफी आणि दोन मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे गोडसर पाव. दुपारचं जेवण एक ते अडीच. संध्याकाळी पाच-सहाला मेरिएंदा, म्हणजे चहा-कॉफीबरोबर टोस्ट किंवा केक. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. साडेसातला गेलात तर बऱ्याच ठिकाणी शटर खाली असतं आणि आत कर्मचारी स्वतः जेवत असतात. त्यात भारतापेक्षा घड्याळ साडेआठ तास मागे. तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्या शरीरात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. रोज पहाटेचं विमान पकडून शहर बदलणारा माणूस या वेळापत्रकात एकही जेवण धड जेवत नाही. माझ्या पहिल्या गटाचं असंच झालं होतं. अकरा दिवसांत पाच शहरं केली आणि बहुतेक रात्री लोक खोलीत बिस्किटं खाऊन झोपले. खाण्यासाठी आणलेली माणसं उपाशी झोपली हे मला आजही लागतं.

म्हणून रिओ, इग्वासू आणि कुस्को काढा. इग्वासू सुंदर आहे, पण त्याला जाऊन-येऊन दोन दिवस जातात आणि खाण्याच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे आधी शरीराला उंचीची सवय करून द्यावी लागते, आणि माचू पिच्चूसकट चार दिवसांपेक्षा कमीत ते होत नाही. माचू पिच्चू हेच आयुष्यभराचं स्वप्न असेल तर गोष्ट वेगळी. मग चिली पूर्ण सोडा आणि ते दिवस पेरूला द्या. तसं नसेल तर माझी वाटणी अशी: बुएनोस आयरेस चार रात्री, मेंदोसा पाच, तिथून रस्त्याने अँडीज ओलांडून सांतियागो दोन, वाल्पाराइसो दोन, शेवटी लिमा तीन.

मेंदोसाला पाच रात्री का, हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर पटेल. तुम्ही पोहोचाल तेव्हा तिथे काढणी सुरू असेल. दक्षिण गोलार्धात हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. राष्ट्रीय द्राक्षोत्सव, वेंदिमिया, मार्चच्या सुरुवातीला होतो (१९३६ पासून चालत आला आहे), तो तुमचा हुकेल. पण उको खोऱ्यातल्या उंचावरच्या बागांत लाल द्राक्षं एप्रिलपर्यंत वेलीवर असतात. तुमची बाग रिकामी झाली की त्यांच्या क्रेट भरायला लागतात, इतका हा मेळ सोयीचा आहे.

मेंदोसा मुळात वाळवंट आहे. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. बागा जगतात त्या अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर, आणि ते पाणी पाटांनी येतं. या पाटांना तिथे असेकिया म्हणतात. ही पद्धत युरोपीय लोक येण्याआधीची, तिथल्या हुआर्पे लोकांपासूनची आहे. शहरातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांनाही उघडे पाट आहेत आणि त्यांच्याच पाण्यावर रस्त्यावरची झाडं वाढली आहेत. रात्री चालताना पायाखाली बघा, बेसावध माणूस त्यात पाय घालतो. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला आहे, त्याचा कायदा १८८४ चा. पाळीप्रमाणे दार उघडून प्रत्येक बागेला पाणी देणारा माणूस असतो, त्याला तोमेरो म्हणतात. आपल्याकडे फड पद्धतीत पाटकरी करतो तेच काम. एकदा सटाण्याचे एक काका माझ्या गटात होते. वायनरीच्या तळघरात ते गप्पच होते. बाहेर येऊन पाटाच्या दारापाशी उभे राहिले आणि तिथल्या माणसाशी खुणांनी अर्धा तास बोलले: पाळी किती दिवसांनी, रात्रीची पाळी कोण घेतं, वरचा माणूस पाणी अडवतो का. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांचं सगळं एकमेकांना कळलं. तुम्हीही वायनरीत फक्त चव घ्यायचं तिकीट काढू नका. बुकिंग करतानाच ‘आम्ही बागायतदार आहोत, बाग चालत बघायची आहे’ असं लिहा. उत्तराचा सूर लगेच बदलतो आणि बऱ्याचदा शेतीतज्ज्ञ स्वतः भेटायला येतो.

बागेत बघायला तुमच्या ओळखीचं पुष्कळ आहे. जुन्या बागा मांडवावर आहेत (तिकडे पार्राल म्हणतात), नव्या तारेवर उभ्या. गारपीट हा त्यांचाही मोठा शत्रू, म्हणून ओळीच्या ओळी काळ्या जाळ्यांनी झाकलेल्या दिसतील.

आता वायनरी किती. दिवसाला दोन, आणि त्यातली दुसरी जेवणाची. सकाळी साडेदहाला पहिली: बाग, तळघर, चार-पाच वाइन. एक वाजता दुसरी, तिथे टप्प्याटप्प्याने येणारं जेवण. ते अडीच-तीन तास चालतं. चारला परत, मग झोप. मेंदोसातही दुपारी दुकानं बंदच असतात, तेव्हा काही बुडत नाही. तीन वायनरी केल्या तर तिसरीतली चव जिभेला कळत नाही. चव घेऊन वाइन समोरच्या भांड्यात थुंकायची असते. त्यात संकोच नको, जाणकार मंडळी तेच करतात. बऱ्याच वायनरी रविवारी बंद असतात आणि आगाऊ बुकिंगशिवाय आत घेत नाहीत. स्वतः गाडी चालवू नका. चालकासह दिवसभराची गाडी मिळते, तिला रेमिस म्हणतात, हॉटेलवाले ठरवून देतात.

तीन दिवस मेंदोसाभोवतीच्या तीन भागांना द्या: एक माइपू, एक लुहान दे कुयो, एक उको. माल्बेक हे मूळचं फ्रान्सच्या काओर भागातलं वाण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशेल एमे पुजे हा फ्रेंच शेतीतज्ज्ञ ते इकडे घेऊन आला, आणि १७ एप्रिल १८५३ ची आठवण म्हणून आजही जागतिक माल्बेक दिवस पाळतात. तुम्ही ते एकच वाण तीन उंचींवर चाखा. माइपू साधारण ८०० मीटरवर, लुहान हजाराच्या आसपास, उकोमधलं ग्वालतायारी १,२०० च्या वर. उंची वाढते तशी रात्र थंड होते, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढतो, साल जाड होते, रंग गडद होतो आणि आंबटपणा टिकतो. माइपूची वाइन मऊ, पिकलेल्या जांभळासारखी लागते. ग्वालतायारीची ताठ असते, घशात थोडी करकरीत लागते. बागायतदाराच्या जिभेला हा फरक पहिल्या घोटात कळतो, तुम्हाला कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

वहिनींसाठी वायनरी म्हणजे नुसतं बसून राहणं होऊ देऊ नका. द्राक्षाचा रस मिळतो. मेंदोसात ऑलिव्हचं तेलही उत्तम निघतं आणि तेलाची चव घेण्याचे वेगळे कार्यक्रम असतात. माइपूचा दिवस मी नेहमी अर्धा तेलाला देते.

आता जेवण. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून तिकडे भागत नाही, कारण ‘कार्ने’ म्हणजे मांस या शब्दाने बऱ्याच लोकांच्या मनात फक्त गाईचं मांस येतं. ‘बिनमांसाचं’ म्हटलं की हॅमचे तुकडे घातलेली कोशिंबीर समोर येते, आणि आणणारा मनापासून आणतो. म्हणून नावं घेऊन सांगा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन’. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही. अर्जेंटिनात पोयोचा उच्चार पोशो होतो, चिली आणि पेरूत पोयो. हे वाक्य कागदावर लिहून वहिनींच्या पर्समध्ये ठेवा.

याहून महत्त्वाचा आहे चरबीचा प्रश्न, आणि त्यात एक शब्द देश बदलला की उलटतो. अर्जेंटिनात ‘मान्तेका’ म्हणजे लोणी आणि ‘ग्रासा’ म्हणजे प्राण्याची चरबी. मेदियालुना दोन प्रकारच्या मिळतात: मान्तेकाच्या फुगीर आणि गोड, ग्रासाच्या बारीक आणि खारट. वहिनींनी मान्तेकाच्याच मागायच्या. पण अँडीज ओलांडून चिलीत आलात की तोच ‘मान्तेका’ शब्द डुकराच्या चरबीसाठी वापरतात, आणि लोण्याला ‘मान्तेकिया’ म्हणतात. माझ्याबरोबरच्या एका काकूंनी मेंदोसात पाच दिवस पाठ केलेला शब्द सांतियागोत अभिमानाने उच्चारला, तेव्हा मी शेजारी होते म्हणून वाचलं. चिलीत मार्राकेता नावाचा कुरकुरीत पाव घ्या, तो सहसा चरबीशिवाय होतो. गोल, चपट्या आयुय्या पावात चरबी असते. अर्जेंटिनात एम्पानादा, म्हणजे आपल्या करंजीसारखा प्रकार, चीज-कांद्याच्या किंवा मक्याच्या सारणाचा मिळतो, पण पारीला पुष्कळदा ग्रासाच लावतात. दरवेळी विचारा. नाही कळलं तर सोडून द्या.

मग खायचं काय? बुएनोस आयरेसमध्ये इटालियन स्थलांतरितांनी शाकाहारी माणसावर मोठे उपकार केले आहेत. कोरियेंतेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियांत जा. गुएरीन १९३२ पासून आहे. तिथे फुगाझेता मागा: जाड पाव, मधे चीज, वर ढीगभर कांदा. सोबत फाइना घ्या. हे हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. खरपूस कडा, आतून मऊ, वर मिरपूड. तिथले लोक ते पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून, काउंटरशी उभ्यानेच खातात. माझ्या गटातल्या प्रत्येक मराठी माणसाने पहिल्या घासाला ‘अरे, हे तर बेसन’ असंच म्हटलंय, आणि परदेशात चौथ्या दिवशी बेसनाची चव तोंडाला लागणं म्हणजे काय हे तिथेच कळतं. मांस भाजणाऱ्या पार्रियात जायची वेळ आली तर प्रोव्होलेता, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं चीज, आणि भाज्या मिळतात. जाळी मात्र तीच असते. वहिनींना ते चालणार नसेल तर तव्यावर करून द्या म्हणा: ‘आ ला प्लांचा’. शिवाय चिनी वंशाच्या लोकांनी चालवलेल्या, वजनावर विकणाऱ्या शाकाहारी खानावळी शहरात बऱ्याच भागांत आहेत. एक वेळ तिथे साधा भात-भाजी खा, पोट ठिकाणावर राहतं. आणि दूध आटवून केलेलं दुल्से दे लेचे खाताना घरच्या आटीव दुधाची आठवण येतेच.

वायनरीतल्या जेवणासाठी बुकिंग करताना एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा एकदा शाकाहाराचं लिहून कळवा. ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात. आधी कळवलं तर भोपळा, मका, बीट, चीज यांचं असं ताट येतं की मांस खाणारे शेजारी डोकावून बघतात.

मेंदोसा ते सांतियागो विमान तासाभराचं आहे, पण दिवसाच्या बसने जा. साधारण सात-आठ तास लागतात, सीमेवर गर्दी असली तर जास्त. वाटेत पोत्रेरियोसचं धरण, पुएंते देल इन्काचा पिवळाधमक नैसर्गिक पूल आणि हवा स्वच्छ असेल तर ६,९६१ मीटरचं आकोंकाग्वा शिखर दिसतं. बोगदा सुमारे ३,२०० मीटरवर, त्यानंतर चिलीच्या बाजूला वळणांची शिडीच आहे. हिवाळ्यात बर्फाने हा रस्ता बंद पडतो, मार्च-एप्रिलमध्ये सहसा अडचण येत नाही. मात्र चिलीची कृषी तपासणी फार कडक आहे. फळं, बिया, मध काही लपवू नका. अर्जावर ‘होय’ला खूण करा आणि पिशवी दाखवा. दाखवलं तर फार तर वस्तू ठेवून घेतात, लपवलं तर दंड. आमच्या गटातल्या एकीचे मेथीदाणे तिथे राहिले, चिवडा मात्र परत मिळाला. तुम्ही बागायतदार आहात, तेव्हा ही कडकपणाची किंमत तुम्हाला कळेल: फायलोक्सेरा या किडीने जगभरच्या बागा खाल्ल्या, पण चिलीत ती पोहोचलेली नाही. तिथे आजही वेली खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटाशिवाय बाग लावायची कल्पना करून बघा.

सांतियागोजवळच्या माइपो खोऱ्यात एक दिवस द्या, कार्मेनेरसाठी. हे बोर्दोचं वाण फायलोक्सेरानंतर युरोपात संपल्यात जमा होतं. चिलीत ते मेर्लो समजून वाढवलं जात होतं. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने माइपोतल्या एका बागेत ते ओळखलं. मेर्लोपेक्षा ते आठवडेच्या आठवडे उशिरा पिकतं, म्हणून तुम्ही जाल तेव्हा घड वेलीवर असण्याची शक्यता चांगली आहे. वाल्पाराइसोला जाताना वाटेत कासाब्लांका खोरं लागतं. समुद्राच्या धुक्यामुळे थंड, पांढऱ्या वाइनसाठी प्रसिद्ध. १९८२ मध्ये पाब्लो मोरांदे यांनी तिथे पहिल्या बागा लावल्या. तिथे एक वायनरी आणि जेवण, बस. वाल्पाराइसोत मग टेकड्यांवर चढणारे जुने आसेन्सोर (रुळांवरून वर जाणारे लिफ्टसारखे डबे), रंगीत भिंती आणि संध्याकाळची ‘ओन्से’: चहा, पाव, लोणी, कुस्करलेला अॅव्होकॅडो. वहिनींना चिलीतलं सगळ्यात आवडेल ते पोरोतोस ग्रानादोस, म्हणजे ताजे दाणे, लाल भोपळा आणि मका यांची दाट उसळ. उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत मिळते. चरबीचं मात्र तिथेही विचारायचंच.

लिमा शेवटी ठेवा, आणि तिथे दुपारचं जेवण मोठं करा. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, तो दुपारीच खायचा असतो, रात्री जुनी मंडळी खात नाहीत. तुम्ही मासे खात असाल तर सोडू नका. वहिनींसाठी पापा आ ला हुआनकाइना, म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा रस्सा. वरचं अंडं काढून द्यायला सांगा. चिफामध्ये, म्हणजे चिनी-पेरुव्हियन खानावळीत, अंडं न घालता केलेला भाज्यांचा चाउफा भात, संध्याकाळी भोपळा-रताळ्याच्या पिठाचे पिकारोनेस. एक सकाळ सुर्कियोच्या बाजारात घालवा. बटाट्यांचे ढीग, जांभळे, काळे, गाठीगाठीचे. शेजारी शेंगदाणे, कसावा (आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो), मिरच्या आणि राजगिऱ्याचा भाऊबंद किविचा. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की आपल्या एकादशीचं ताट, साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि मिरची, सगळं मूळचं अमेरिकेतून, उत्तरेच्या नाहीतर दक्षिणेच्या, आलंय. वहिनींना तो बाजार सगळ्यात जास्त आपला वाटेल.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गुडघे दुखत असतील तर वाल्पाराइसोची एक रात्र कमी करून सांतियागोला द्या. वहिनींना तळलेलं-चीज सोसत नसेल तर मेंदोसात स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ आणि मसूर कुठेही मिळतात. आणि यलो फीव्हरची लस विसरू नका. अर्जेंटिना आणि पेरू भारताच्या यादीत आहेत. प्रमाणपत्र नसेल तर परतताना विमानतळावरून विलगीकरणात नेतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, म्हणून महिनाभर आधी घ्या, आणि तुमच्यापैकी कोणी साठीच्या पुढे असेल तर त्याआधी डॉक्टरांशी बोला.

तुमची खरड छाटणी कोणत्या आठवड्यात धरली आहे ते कळवा. गुड फ्रायडेच्या आठवड्यात तिकडे सगळा देश सुट्टीवर निघतो आणि मेंदोसाची हॉटेलं भरतात. तो आठवडा तुमच्या तारखांत येत असेल तर त्या दिवसांत बुएनोस आयरेसमध्ये असावं, अशी फिरवाफिरव करून देते.